मधलं नाव

रोडपालीतल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं आहेत. घर बदलताना, घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर, मुलं परगावी गेल्यावर लोक जी पुस्तकं खाली आणून ठेवतात, ती आम्ही त्यांत लावतो. वही माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वही चाळताना एका ओळीवर थांबल्या. लेखक म्हणून तिथं ‘पुरुषोत्तम देशपांडे’ एवढंच लिहिलेलं होतं. "अहो, पुलंचं हे कुठलं पुस्तक? मी कधी ऐकलं नाही," म्हणत त्या ते घेऊन गेल्या. चार दिवसांनी आल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाल्या, "हे आपले पु. ल. नव्हेत. पण मी पूर्ण वाचलं. हे कोण?"

ते पुस्तक होतं ‘बंधनाच्या पलीकडे’. लेखक पुरुषोत्तम यशवंत देशपांडे, जन्म 1899. ही कादंबरी 1927 सालची, म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आठ वर्षांचे होते तेव्हाची. वहीतली ती नोंद माझ्याच हातची होती. जागा वाचवायला मी वडिलांचं नाव गाळलं होतं. एवढ्याशा काटकसरीनं एक अख्खा लेखक दुसऱ्याच्या पोटात गेला होता. त्या दिवसापासून मी सारख्या नावांचे मराठी लेखक गोळा करू लागलो.

या दोन पुरुषोत्तमांपासूनच सुरुवात करतो. पु. य. विदर्भातले. समाजानं घालून दिलेल्या चौकटीविरुद्ध बंड करणारी कादंबरी लिहून ते प्रसिद्धीला आले, पुढे चिंतनाकडे वळले, पतंजलीच्या योगसूत्रांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पु. लं.बद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार? पण साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी काढून बघा. 1962 साली ‘अनामिकाची चिंतनिका’साठी पु. य. देशपांडे, 1965 साली ‘व्यक्ति आणि वल्ली’साठी पु. ल. देशपांडे. तीन वर्षांत दोन पुरुषोत्तम देशपांडे! एकाच्या पुस्तकात नारायण, हरितात्या, अंतू बर्वा अशी गजबजलेली माणसं. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या नावातच ‘अनामिक’. मला वाटतं, ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली तर त्या काळातल्या मराठी मनाची दोन टोकं एका हाताच्या अंतरावर येतात. पण शेजारी ठेवतो कोण? पु. य. आज कपाटाच्या मागच्या रांगेत गेले आहेत, आणि माझ्यासारख्यांच्या आळशी नोंदी त्यांना आणखी मागे ढकलतात.

सारख्या नावांचा हा प्रश्न आमच्या भागात टपालवाल्याला रोज पडतो. पनवेल-उरणच्या आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर ही आडनावं घरोघर. नुसत्या नाव-आडनावावर पाकीट पोचत नाही, ‘कोणाचा?’ असं विचारावंच लागतं. गावांच्या नावांचंही तेच. सुधागडातली बल्लाळेश्वराची पाली, साताऱ्याकडची खंडोबाची पाली, रत्नागिरीजवळची पाली, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराला लागून असलेली ही आमची रोडपाली. प्रत्येक पालीला देव, जिल्हा नाहीतर एखादा शब्द जोडल्याशिवाय गाडीवाला नीट सोडत नाही. मराठी माणसानं आपल्या नावातही अशीच सोय करून ठेवली होती. आधी आपलं नाव, मग बापाचं, मग कुळाचं. त्यातलं मधलं नाव हे खरं ओळखीचं.

पण मधल्या नावानंही गुंता सुटू नये अशी एक जोडी मराठीत होऊन गेली. हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे. ह. ना. आणि ना. ह. नाव उलटं केलं की दुसरा माणूस उभा राहतो. अनेकांना हे बापलेक वाटतात, त्यांचा तसा काही संबंध नव्हता. हरिभाऊ 1864 ते 1919, खानदेशात पारोळ्याला जन्मले, पुण्यात आनंदाश्रम संस्थेचा कारभार पाहत त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवलं. नारायण हरि 1889 ते 1971, जन्म सांगलीकडचा, आयुष्य गेलं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. दोघेही कादंबरीकार, दोघांनीही सामाजिक लिहिलं आणि ऐतिहासिकही. ‘उषःकाल’ कोणाची आणि ‘अजिंक्यतारा’ कोणाची, असं एकदम विचारलं तर वाचणारा माणूसही क्षणभर थबकतो. पहिली हरिभाऊंची, दुसरी नारायणरावांची.

दोघांच्या एकेका सामाजिक कादंबरीजवळ मला जरा थांबायचं आहे. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच्या तोंडानं आपलं आयुष्य सांगते, लहानपण, लग्न, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीनं केलेलं केशवपन. यमूला सगळं कळतं, तिला बोलताही येतं, पण तिचं कोणी ऐकत नाही. 1923 साली नारायणरावांची ‘न पटणारी गोष्ट’ आली. तिच्यात एका तरुण मुलीचं लग्न फसवणुकीनं म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलं जातं, आणि ती मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते. एका आपट्यांच्या नायिकेनं सोसलं आणि सांगितलं, दुसऱ्या आपट्यांची नायिका ‘नाही’ म्हणाली. मधे साधारण तीस वर्षं गेली. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या की ती तीस वर्षं अंगावर येतात. मी त्या तशा वाचल्या त्या केवळ नावाच्या गोंधळामुळे, एक मागितली होती आणि दुसरी हातात आली होती.

गोष्ट इथं संपत नाही. 1937 साली प्रभात कंपनीत व्ही. शांताराम यांनी ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ काढला, हिंदीत ‘दुनिया न माने’. त्याआधी 1934 चा ‘अमृतमंथन’ही नारायणरावांच्याच ‘भाग्यश्री’वरचा. ‘कुंकू’मधली ती न ऐकणारी बायको साकारली शांता आपटे यांनी. आपट्यांची कथा, आपट्यांची नायिका, नातं काही नाही! आणि या तिसऱ्या आपट्यांनीही पुस्तक लिहिलं. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे शांताबाईंचं पुस्तक 1940 सालचं. पडद्यावर लोकांना दिसणाऱ्या झगमगाटामागे चित्रपटाच्या धंद्यात काम करणाऱ्या माणसांचं काय होतं, हे चलतीच्या काळातल्या एका नटीनं रोखठोक लिहावं, याला आजही धाडस लागेल. ते पुस्तक नटीचं आत्मकथन म्हणून बाजूला ठेवलं जातं. माझ्या मते ते ‘न पटणारी गोष्ट’च्या शेजारी ठेवायला हवं.

आपटे इतकेच नव्हेत. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असलेला कोश वामन शिवराम आपट्यांचा. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1892 साली, ते गेले. दात्यांचीही अशीच गंमत. महाराष्ट्र शब्दकोशाच्या संपादकांतले यशवंत रामकृष्ण दाते, सोलापूरचं पंचांग काढणारे दाते, आणि ‘कुंकू’तल्या म्हाताऱ्या नवऱ्याचं काम करणारे केशवराव दातेही. पण माझ्या या सगळ्या उद्योगात ज्यांचे उपकार सर्वांत मोठे ते शंकर गणेश दाते. त्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ केली. पहिला भाग 1800 ते 1937 मधल्या पुस्तकांचा, तो 1944 साली आला. दुसरा 1938 ते 1950 चा, तो 1961 साली. संगणक नाही, संस्थेचं पाठबळ मोठं नाही. वाचनालयांतून हिंडून पुस्तक हातात घेऊन नोंद करायची आणि लेखकाचं नाव पुरं लिहायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी दात्यांची सूची दाखवली तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या पानांवरून हात फिरवत होत्या.

आता आमच्या घराजवळची एक जोडी. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला की पेण लागतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली विनायक नरहर भावे जन्मले, म्हणजे विनोबा. उलट बाजूला, कळंबोलीवरून मुंब्र्याकडे निघालं की ठाणं. तिथं 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे विनायक लक्ष्मण भावे. दोन विनायक भाव्यांच्या मधोमध आमची रोडपाली. ठाण्याच्या भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी कवींचा पट उलगडला, हस्तलिखितं धुंडाळली, महानुभावांच्या सांकेतिक लिपीत दडलेल्या ग्रंथांकडे लक्ष वेधलं. गागोद्याच्या भाव्यांनी 1930 च्या सुमारास ‘गीताई’ रचायला घेतली आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. एकानं ज्ञानेश्वरांपासूनचा वारसा जपला, दुसऱ्यानं तो वारसा आपल्या आईसारख्या साध्या माणसांच्या तोंडी पोचवला. आज ‘विनायक भावे’ म्हटलं की बहुतेकांना विनोबाच आठवतात, आणि ज्यांनी इतरांची विसरलेली नावं शोधून काढली त्या ठाण्याच्या भाव्यांचंच नाव मागे पडतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या मराठीत आडनाव लिहायची रीतच नव्हती, कवी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालायचा. त्यामुळे तिथला गोंधळ फार खोल आहे. ज्ञानदेवांच्या काळचे नामदेव आणि त्यांच्यानंतर काही शतकांनी झालेला विष्णुदास नामा यांच्या रचना गाथ्यांत एकमेकींत मिसळल्या, आणि अभ्यासकांना भाषा, संदर्भ, देवाचं नाव अशा खुणा पाहत त्या वेगळ्या कराव्या लागल्या. 1898 च्या आसपास ‘सुधारक’मध्ये ‘भारद्वाज’ या टोपणनावानं शिवराम एकनाथ भारदे यांनी तर ज्ञानेश्वरीकार ज्ञानेश्वर आणि अभंगकर्ते ज्ञानदेव वेगळे, असा वाद उभा केला. तो निष्कर्ष बहुतेकांनी मानला नाही. तरी त्या वादामुळे अभंग आणि ओवी किती बारकाईनं वाचली गेली! नामदेव हे नाव पुढेही चालत राहिलं. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं 1972 साली मराठी कवितेची भाषाच उलटीपालटी केली, नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला 1995 चा अकादमी पुरस्कार मिळाला.

दोन बहिणाबाईंची सरमिसळ तर शाळेच्या निबंधातही होते. पहिल्या सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. त्यांनी नवऱ्याचा छळ, गाईच्या वासराचा लळा, पूर्वजन्म हे सगळं अभंगांत मांडलं, आणि जन्मावरून ब्राह्मण्य ठरवण्याला प्रश्न करणारी ‘वज्रसूची’ मराठीत आणली. दुसऱ्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, 1880 ते 1951. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे 1952 साली त्यांची गाणी छापून आली. एक संन्यस्त वृत्तीची, एक शेतात राबणारी, दोघींनीही स्वतःचं जगणं स्वतःच्या बोलीत सांगितलं. जळगावच्या विद्यापीठाला नाव देताना ‘कवयित्री’ आणि ‘चौधरी’ ही दोन्ही जोडली गेली, हे मला फार बरोबर वाटतं.

बायकांच्या बाबतीत उलटाही घोळ होतो, एकाच बाईची अनेक नावं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे आणि सासरच्या मालती बेडेकर. तीन ठिकाणी तीन नोंदी झाल्या तर एक लेखिका तीन तुकड्यांत विखुरते.

अलीकडच्या जोड्या भराभर सांगतो. ‘पानिपत’ आणि ‘झाडाझडती’चे कादंबरीकार विश्वास पाटील आणि ‘नवी क्षितिजे’ हे वैचारिक त्रैमासिक चालवणारे विश्वास पाटील निराळे. पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटील यांचं आत्मकथन मागायला येणारा मुलगाही बहुधा ‘विश्वास पाटलांचं द्या’ असंच म्हणतो. आंबेठाणला शेती करून कांद्याच्या भावापासून आंदोलन उभं करणारे, ‘अंगारमळा’ लिहिणारे शरद जोशी आणि उज्जैनचे हिंदी व्यंगकार शरद जोशी हेही वेगळे. तुकोबांना इंग्रजीत नेणारे कवी दिलीप पुरुषोत्तम चित्रे आणि अमेरिकेत राहून मराठीत लिहिणारे दिलीप वि. चित्रे. या दुसऱ्यांनी आपल्या नावातला तो ‘वि.’ कधी सोडला नाही. इंग्लंडच्या चर्चिलनाही हेच करावं लागलं होतं. अमेरिकेत विन्स्टन चर्चिल नावाचे कादंबरीकार आधीच गाजत होते, तेव्हा राजकारणी चर्चिलनी त्यांना पत्र लिहून आपल्या पुस्तकांवर मधलं ‘स्पेन्सर’ घालायचं कबूल केलं.

मधलं नाव जपणारं आणखी एक उदाहरण. दिवाळी अंकाची परंपरा 1909 साली ‘मनोरंजन’मधून सुरू करणारे काशीनाथ रघुनाथ मित्र मुळात आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी आडनाव बदललं, पण मधलं रघुनाथ तसंच ठेवलं.

आमची वही या दसऱ्याला मी नव्यानं लिहायला घेतली. आता प्रत्येक नोंदीत पुरं नाव, आणि माहीत असेल तिथं जन्मसाल. ‘विनायक लक्ष्मण भावे’ आणि ‘विनायक नरहर भावे’ एकाखाली एक आले आहेत. हरि नारायण आणि नारायण हरि एकाच फळीवर लावले, त्यांच्या शेजारी शांताबाईंसाठी जागा सोडली, कारण ‘जाऊ मी सिनेमात?’ अजून आमच्याकडे कोणी आणून दिलेलं नाही. काकू सध्या ‘अनामिकाची चिंतनिका’ शोधत आहेत. पनवेलला मिळालं नाही, म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघं ठाण्याला, भाव्यांच्या ग्रंथसंग्रहालयात जाणार आहोत.