३.४ 'गुन्हेगार' की 'विधिसंघर्षग्रस्त'?

इंग्रजीतील 'डेलिंक्वेन्सी' हा शब्द 'कर्तव्यात उणे पडणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. मराठीत त्यास एकच प्रतिशब्द पुरत नाही. बोईसरच्या एखाद्या कामगाराने कर्जाचे हप्ते थकवले, तर तो 'थकबाकीदार' ठरतो. तारापूरच्या कारखान्यातील पहारेकरी कामावर झोपला, तर त्याने कर्तव्यात 'कसूर' केली असे आपण म्हणतो. चोरी हा मात्र 'गुन्हा' होय.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत शब्दनिवड अधिक नाजूक होते. 'गुन्हेगार' आणि 'कामगार' या दोन्ही शब्दांत '-गार' हा फारसी प्रत्यय आहे. काम करणे ही जशी कामगाराची ओळख, तसा गुन्हा हीच 'बालगुन्हेगारा'ची ओळख बनते. 'ग्रस्त' या पदाचा अर्थ 'ग्रासलेला' असा आहे. त्यामुळे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ही संज्ञा मुलावर आलेली अवस्था सांगते. त्याचा स्वभाव ठरवत नाही.

कायद्याची भाषाही याच दिशेने बदलली. १९८६ च्या बाल न्याय कायद्यातील 'अपचारी' बालक २००० च्या कायद्यात 'विधिसंघर्षग्रस्त' झाले. २०१५ च्या कायद्याने तर मुलासंबंधीच्या प्रक्रियेत दोषारोप सूचित करणारे शब्द वापरू नयेत, हे तत्त्वच कलम ३ मध्ये नोंदवले. पालघरमधील पंधरा वर्षांच्या मुलाविषयी बातमी लिहिताना हे भान सुटले, तर निर्णयाआधीच शब्द त्याला दोषी ठरवतो.

स्वयं-अध्ययन : 'थकबाकी', 'कसूर' आणि 'गुन्हा' हे शब्द योजून प्रत्येकी एक वाक्य लिहा.