साठविलेली वीज : शहापूर-मुरबाडचा एक मागोवा

मुंबईची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय ज्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात आहेत, त्याच मुलखातील कसाऱ्याच्या घाटातून विजेवर चालणारी आगगाडी १९३० च्या सुमारास धावू लागली. आणि पुढे १९४२ साली स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत पथकाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, तेव्हा त्या तारांची किंमत परक्या सरकारला किती वाटत होती, हे २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांच्यावर झालेल्या गोळीबाराने सिद्ध केले. तथापि ज्या वाड्यापाड्यांच्या आसपास हे सारे घडत होते, तेथे त्यानंतरही कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच तेवत होती. तार दारापर्यंत येण्यापूर्वी, आणि आल्यावरही तिच्यातील प्रवाह वेळीअवेळी खंडित होऊ लागल्यामुळे, येथील माणसाचा विजेशी निकटचा परिचय घडला तो बॅटरीच्या द्वारे.

त्या परिचयाचा आरंभ विजेरीच्या व ट्रान्झिस्टरच्या सेलांनी झाला. सेल मंदावले की उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन रात्रींचा उजेड वसूल करावयाचा आणि मग ते टाकून द्यावयाचे, यापलीकडे त्यांची काही निगा नव्हती. भरावी लागणारी बॅटरी गावात आली ती मोटारीच्या व ट्रॅक्टरच्या पोटातून. १९८७-८८ साली दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेने खेडोपाडी वेड लावले, तेव्हा जीपची नाही तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ती कृष्णधवल टीव्हीला जोडण्याची आणि उतरली म्हणजे नाक्यावरच्या दुकानात चार्जिंगला लावण्याची तजवीज ठिकठिकाणी होऊ लागली. अशी बॅटरी अल्पावधीत निकामी होई, आणि त्यात नवल नव्हते. कारण गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीतील शिशाच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात, काही क्षण प्रचंड प्रवाह देऊन लगेच भरून निघणे हे त्यांचे नियत कार्य, आणि तासन् तास मंद प्रवाह देत जवळजवळ रिकामे होणे त्यांच्या रचनेलाच मानवत नाही. जाड पट्ट्यांची, सावकाश व खोलवर उतरणारी बॅटरी ही निराळी जात आहे, हे ज्ञान पुष्कळांनी पदरचे पैसे मोजून मिळविले.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले ते त्याच वर्षी. आणि ग्रामीण भागात वीज दिवसाचे अनेक तास नसणे हा नेमच होऊन बसल्यामुळे दुकाने, दवाखाने, पतपेढ्या आणि ऐपतीची घरे यांत इन्व्हर्टर व त्याच्या शेजारी दीडशे अँपिअर-तासांची, खोलवर उतरणाऱ्या जातीची ट्यूब्युलर बॅटरी दिसू लागली. ग्राहक विचारी तो प्रश्न बहुधा एकच असे : किती तास चालेल? दोन पंखे व चार दिवे मिळून सुमारे दोनशे वॅटचा भार असेल, तर बारा व्होल्टच्या या बॅटरीतून वीसेक अँपिअरचा प्रवाह जातो, आणि चार तासांत ती निम्म्याहून किंचित अधिक रिकामी होते. एवढा हिशेब दुकानदार सांगत असे. परंतु ती पुन्हा भरावयास किती तास लागतील, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारीत नसे. क्षमतेच्या दशांश, म्हणजे पंधरा अँपिअर प्रवाहाने गेलेले परत यावयास सहा तास जातात. त्यातही शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरी अगदी संथपणे घेते, आणि सुमारे १४.४ व्होल्टच्या दाबाखाली आणखी तीन-चार तास धीर धरावा लागतो. मध्येच वीज गेली की तो हिस्सा राहून जातो. असे रोज घडले म्हणजे पट्ट्यांवर उरलेले शिशाचे सल्फेट कठीण होत जाते, चार तासांचे दोन होतात, दोनाचा एक होतो, आणि मालक कंपनीला दूषणे देत तशीच दुसरी बॅटरी आणतो. १८५९ साली प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही शिशाची बॅटरी सिद्ध केली, तेव्हापासून तिच्या स्वभावातील हा दोष सुटलेला नाही.

याच दुखण्याचे दर्शन सागरावरही घडते. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा दूरच्या सफरीत नौका वाऱ्यावर चालत असली, तरी दिवे, बिनतारी यंत्र आणि दिशादर्शक साधने बॅटरीवरच चालतात. नौकेचे इंजिन तासभर चालविले की बॅटरी झपाट्याने पाऊणशे टक्के भरते. उरलेल्या भागासाठी मात्र तासन् तास इंधन जाळणे परवडत नाही. म्हणून दर्यावर्दी सौरपट्ट्यांची जोड देतात, कारण मंद असला तरी दिवसभर चालणारा प्रवाहच तो शेवटचा हिस्सा पुरा करतो. किनाऱ्यापासून दूर असलेली नौका आणि तारेपासून दूर असलेला पाडा यांचा प्रश्न येथे एकच होतो.

व्यक्तीच्या घरात वीज साठविण्याचे जे काम चालले होते, तेच राज्याच्या पातळीवर शहापूर तालुक्यात २००८ साली साकार झाले. घाटमाथ्यावरील घाटघर आणि पायथ्याचे चोंढे येथील दोन जलाशयांच्या दरम्यान २५० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. मागणी कमी असताना पाणी वर चढवावयाचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची. अशा योजनेत चार युनिटे खर्चून साधारण तीन परत मिळतात, आणि तरीही ती किफायतशीर ठरते. कारण वर पाणी चढविण्याची वेळ, त्यासाठी लागणारी वीज आणि खाली सोडण्याची वेळ यांचा बंदोबस्त आधीच झालेला असतो.

पाड्यावरील सौरदिव्यांच्या वाट्याला असा बंदोबस्त क्वचितच आला. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात आषाढ-श्रावणात दिव्याची गरज सर्वांत मोठी आणि ऊन सर्वांत थोडे. वैशाखात पुरेशी ठरलेली सौरपट्टी तेव्हा बॅटरीला अर्धपोटी ठेवते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि बंद झोपडीत उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी कुटुंब परतेपर्यंत मेलेली असते. शिवाय ट्यूब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोंच्या वर; रस्ता नसलेल्या चढावर ती वाहून नेणे, तिच्यात विहिरीचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटरच घालणे आणि हायड्रोमीटरने आम्लाची घनता योग्य आहे ना हे पाहणे, ही कामे नेमून दिलेला माणूस बहुधा नसतोच.

अलीकडच्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीने यांपैकी बराच भार हलका केला आहे. तिला पाणी लागत नाही, तेवढ्याच साठ्याला वजन फारच कमी असते, आणि मुख्य म्हणजे अर्धवट भरलेल्या स्थितीत राहिल्याने तिची हानी होत नाही. सबब पावसाळ्यातील तुटपुंजे ऊन आणि लहरी वीज यांना ती अधिक अनुकूल आहे. मात्र जुन्या इन्व्हर्टरला ती जशीच्या तशी जोडणे हा अविचार होय. तिच्या भरणीचा दाब वेगळा ठरवावा लागतो, शिशाच्या बॅटरीसाठी अधूनमधून दिला जाणारा चढा दाब तिला वर्ज्य आहे, आणि तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने केवळ मीटरचा काटा पाहून साठा ओळखता येत नाही. जेथे वीज आता बहुतेक वेळ असते व बॅटरी क्वचितच लागते, तेथे स्वस्त ट्यूब्युलर बॅटरी आजही योग्यच आहे; जेथे रोज उतरावयाचे व कसेबसे भरावयाचे, तेथे लिथियमची जास्त किंमत काही वर्षांत वसूल होते.

या साऱ्या मागोव्यातून निष्पन्न होणारा निर्णय असा की, बॅटरी किती तास चालेल हे विचारण्यापूर्वी ती भरावयास आपल्याजवळ रोज किती तास आहेत, याचा हिशेब मांडावा आणि मगच दुकानात पाऊल टाकावे. जुनी बॅटरी भंगारात देऊन तिचे शिसे चुलीवर वितळू देऊ नये. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती विक्रेत्यालाच परत करावी. आणि ग्रामपंचायतींना विनंती एवढीच की, सौरदिव्याच्या अंदाजपत्रकात खांबाच्या किमतीबरोबरच काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटरीची रक्कम आणि तिची निगा राखणाऱ्या माणसाचे मानधन पहिल्याच दिवशी मंजूर करून ठेवावे.