रोप विकले तर माल, लावले तर मालमत्ता

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले वरुड तालुक्यातले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. पाऊस पडला की कलमा भरून न्यायला दूरदूरच्या गाड्या इथे लागतात. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढवलेले रोप रोपवाटिकेत असते तोवर तो विकायचा माल. तेच रोप बागायतदाराच्या वावरात लागले की त्याची मालमत्ता होते. हिशेबाचे नियमही हा भेद मानतात. २०१६ मध्ये सुधारलेल्या लेखा मानक १० ने वर्षानुवर्षे फळ देणारी झाडे इमारती आणि यंत्रांच्या रांगेत आणून बसवली. झाड फळावर येईपर्यंत त्याच्यावरचा खर्च अपूर्ण भांडवली कामासारखा साचवत न्यायचा आणि बहार सुरू झाला की घसारा धरायचा. संत्र्याच्या बाबतीत ही वेळ साधारण पाचव्या वर्षी येते.

आता हा हिशेब दुकानातल्या खरेदी-विक्रीसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरला सांगून पाहावा. बिल आणि जीएसटी त्याला चोख जमते, पण पाच वर्षे खर्च पोटात ठेवून मग घसारा सुरू करायला सांगितले की बहुतेक वेळा ते काम शेवटी एक्सेलच्या तक्त्यावर येऊन पडते.

एकट्या शेतकऱ्याला या भानगडीत पडायचे कारण नाही, कारण त्याचे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. पण चारशे-पाचशे बागायतदारांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली की ती कंपनी कायद्याखाली येते. पॅकहाउस उभे राहते, प्रतवारी करून फळाला मेण चढवणारी मशीन येते, शीतगृहाचा विचार सुरू होतो. वरुड-मोर्शी पट्ट्यात अशा कंपन्यांच्या बैठकीत ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे’ हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तर बहुधा ‘सीए साहेब जे वापरतात ते’ असे असते. सीएंना विचारणे योग्यच आहे. फक्त त्यांचे काम वर्षअखेरीचे असते आणि मशीन रोजची असते, हे विसरू नये.

एक मशीन घेऊन हिशेब मांडला की घोळ कुठे होतो ते दिसते. समजा, प्रतवारीची मशीन ४० लाखांना घेतली आणि आंबिया बहाराची फळे यायला लागल्यावर १० नोव्हेंबरला सुरू केली. आयकराच्या हिशेबात यंत्रांना वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. पण ३१ मार्चपर्यंतचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरला तर त्याच्या निम्माच. १० नोव्हेंबरपासून मोजले तर १४२ दिवसच भरतात, म्हणजे साडेसात टक्क्यांनी ३ लाख. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनचे गणित वेगळे आहे. तिथे सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे धरतात आणि ५ टक्के भंगार किंमत बाजूला ठेवतात. सरळ रेषेच्या पद्धतीने वर्षाचा घसारा २ लाख ५३ हजारांच्या आसपास जातो आणि १४२ दिवसांचा सुमारे साडेअठ्ठ्याण्णव हजार होतो. मशीन एक, वर्ष एक, पण दोन वह्यांत दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता न येणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या कामाचे नाही.

आणखी एक गंमत म्हणजे, हीच मशीन ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चालू झाली असती तर आयकरात पूर्ण ६ लाखांचा घसारा मिळाला असता. वऱ्हाडातले पॅकहाउस फळे आल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून इथल्या मशीन नेमक्या या १८० दिवसांच्या उंबरठ्यावर अडखळतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘खरेदीची तारीख’ आणि ‘वापरात आल्याची तारीख’ असे दोन वेगळे रकाने आहेत का, हे म्हणूनच आधी पाहावे.

अनुदान आले की चित्र पुन्हा बदलते. याच मशीनवर १० लाखांचे सरकारी अनुदान मिळाले तर आयकरात मशीनची किंमत ३० लाखच धरली जाते आणि पहिल्या वर्षीचा घसारा सव्वादोन लाखांवर येतो. अडचण अशी की अनुदानाचा पैसा मशीनबरोबर येत नाही. कधी सहा महिन्यांनी येतो, कधी दोन हप्त्यांत. मधल्या काळात पूर्ण किमतीवर घसारा लागलेला असतो. नंतर किंमत कमी करून पुढचा घसारा नव्याने मांडायची सोय नसेल, तर ही दुरुस्ती वर्षानुवर्षे हातानेच करत बसावे लागते.

हंगामात मशीन दोन पाळ्यांत चालते, याचाही हिशेब आहे. परिशिष्ट दोनप्रमाणे दुसऱ्या पाळीच्या काळाला पन्नास टक्के जादा घसारा धरतात, तिसऱ्या पाळीला शंभर टक्के. विक्रेत्यांना हे विचारले की बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

मग कॅरेट. प्लास्टिकचे दोन हजार कॅरेट घेतले, फळे भरून बाहेरच्या बाजारात गेले, परत आले सोळाशे. प्रत्येक कॅरेटला वेगळा क्रमांक देणे हास्यास्पद आहे, पण ताळेबंदात मात्र दोन हजारच दिसत राहतात. नगाप्रमाणे गट करून त्यातून चारशे कमी करता यायला हवेत. बोअरचेही तसेच. विहिरी आणि कूपनलिकांना कायदा पाच वर्षांचे आयुष्य देतो. भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात बोअर कधीकधी त्याआधीच कोरडे पडते. कोरडे पडलेले बोअर त्याच वर्षी खात्यातून काढून उरलेली किंमत तोट्यात टाकता आली पाहिजे.

बाजारात नावे पुष्कळ आहेत. टॅली सगळ्यांना माहीत आहे. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा प्रवास आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे आणि टॅली येणारा माणूस वरुडातही मिळतो, ही तिची मोठी जमेची बाजू. पण टॅलीत घसारा साधारणपणे जर्नल नोंदीने टाकतात. मालमत्तेची सविस्तर नोंदवही हवी असेल तर वेगळा जोडकार्यक्रम बसवून घ्यावा लागतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे. त्यात मालमत्तेचे स्वतंत्र दालन आहे, घसाऱ्याचे वेळापत्रक आपोआप तयार होते, मशीन एका जागेवरून दुसरीकडे हलवल्याची नोंद राहते. मात्र ते बसवून सांभाळणारा जाणकार जवळ हवा. फुकट मिळालेले सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या पगारात महाग पडू शकते.

कंपन्यांसाठी एक अट मात्र टाळता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले जातात, त्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. कोणी, कधी, कोणता आकडा बदलला ते लेखापरीक्षकाला दिसते. जुनी, चोरून उतरवलेली आवृत्ती वापरणाऱ्यांची इथे पंचाईत होते. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू आहे. तेव्हा वार्षिक शुल्कात कायद्याचे बदल येतात की त्यांचे वेगळे पैसे पडतात, हे लेखी घ्यावे.

आता पुढच्या पैशाचे नियोजन. तयार सॉफ्टवेअरमधला अंदाजपत्रकाचा साचा वर्षाची रक्कम भागिले बारा असा असतो. संत्र्याचा पैसा असा येत नाही. आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मृगाचा तोडा पुष्कळदा ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागला जातो. बागेचा सौदा झाला की इसार हाती येतो, उरलेली रक्कम तोड्यावर. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेलाच जातो. म्हणून महिन्यांऐवजी बहाराप्रमाणे रक्कम मांडता येते का, आणि ‘असे झाले तर’ म्हणून दोन-तीन चित्रे शेजारी ठेवता येतात का, हे पाहणे अगत्याचे. बांगलादेशने २०१९ नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा इथल्या बागायतदारांना आणि व्यापाऱ्यांना त्याची झळ बसली. शुल्क आणखी वाढले तर जुलैचा हप्ता कुठून भरायचा, हे डिसेंबरातच कागदावर दिसले तर बँकेत वेळेवर जाता येते.

विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावर भुलू नये. त्यातली कंपनी काल्पनिक असते आणि तिचे एकही कॅरेट हरवत नाही. त्यापेक्षा आपलीच चार प्रकरणे घेऊन बसावे: उशिरा सुरू झालेली मशीन, नंतर आलेले अनुदान, हरवलेले कॅरेट, कोरडे बोअर. ती समोरासमोर नोंदवून दाखवायला सांगावे आणि आकडे सीएंकडून ताडून घ्यावेत. ही परीक्षा मे महिन्यात घेतलेली बरी. मृगाची घाई ओसरलेली असते आणि १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलका तयार असतात. ऑक्टोबरात फोन उचलायला माणूस आहे का, तेही तेव्हाच विचारून ठेवावे.

सॉफ्टवेअर बदलावे लागले तर जुना हिशेब बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात आणि मशीनचे आयुष्य पंधरा वर्षांचे असते. वर्गणी थांबल्यावर माहिती किती दिवस दिसेल आणि घसाऱ्याचा पूर्ण तक्ता एक्सेलमध्ये उतरवता येईल का, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे विक्रेता बदलला तरी बोअर आणि मशीनच्या नोंदी कंपनीच्याच हातात राहतील.