भीमाकाठचा भोपळा, मिरजेचा तंबोरा

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावर लिहा, म्हणून संपादकांनी मिरजेला पाठवलं. पण कारखान्यात शिरल्यावर नजर गेली ती माळ्यावर रचलेल्या भोपळ्यांकडे, आणि लेख तिथेच अडकला.

इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. इथली शिकलगार घराणी तलवारी-भाल्यांना धार लावायची. इंग्रजी अंमलात शस्त्रांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. तंबोऱ्याच्या दुरुस्तीत त्यांना स्वतःला गती होती. अशा गायकाच्या कानाखाली काम करणारे कारागीर तयार होणारच.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो. पुरुषी तंबोऱ्याला घेर 50 इंचांच्या वर लागतो, जनानीला काही इंच कमी. तो पिकतो पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या पट्ट्यात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कोकणात तेवढा जुलैच्या एका महिन्यात सहज पडून जातो. कोकणात वेल जोमानं पसरेलही, पण फळ वाळायच्या आत कुजेल. भीमाकाठी मात्र भोपळा वेलीवरच पिकतो, देठ सुकतो, आतला गर आटतो आणि सालीचं लाकडासारखं टणक कवच होतं. ज्या कोरड्या हवेनं शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळलं, तिच्याशिवाय हे होत नाही.

ज्यांच्या शेजारी मी बसून राहिलो, ते चाचा भोपळा निवडताना आधी डोळ्यांनी बघतच नाहीत. बोटाच्या पेरानं टकटक करत सगळा घेर फिरतात. कुठे आवाज बसका झाला की तिथेच थांबतात, पुन्हा वाजवतात. साल पातळ असेल तर तारांचा ताण सोसणार नाही, फार जाड असेल तर नाद आतच कोंडेल. पसंत पडलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, आतला वाळका गर खरवडून काढायचा, बांबूच्या कामट्या ताणून आकार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली चढते.

पावसाळ्यात या कामाची चाल बदलते. सरस लवकर धरत नाही. लाखेच्या पॉलिशवर दमट हवेत पांढुरकी झाक येते, म्हणून उघडीप पाहून हात मारायचा. खुंट्या फुगून घट्ट बसतात. त्याच खुंट्या कोरड्या हवेत घसरू लागतात. घोडीवर जवारी काढताना तर कानसेचा एक हात जास्त पडला तरी झंकार जातो. चाचा कानस मारतात, तार छेडतात, घोडीवरचा दोरा केसभर सरकवतात, पुन्हा ऐकतात. त्यांचं ऐकणं पाहत राहावं असं आहे.

काळजी वाटते ती भोपळा पिकवणाऱ्या रानाची. उजनी धरणाचं पाणी आलं आणि भीमेच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. यात शेतकऱ्याला दोष कसा देणार? दुष्काळ सोसलेल्या माणसानं पाणी नाकारावं, असं शहरात तंबोऱ्यावर गाणं ऐकणाऱ्यानं म्हणू नये. भोपळा मात्र महिनोन्‌महिने शेत अडवतो आणि त्याचं गिऱ्हाईक मोजकंच. त्यात अवकाळी पाऊस आता फळ वाळण्याच्या नेमक्या दिवसांत येतो. भिजलेल्या फळावर डाग पडतात, आत बुरशी धरते. चाचांनी असा एक भोपळा उलटा करून दाखवला. बाहेरून देखणा, आतून काळा. असा भोपळा भिजवताना हातातच फुटतो, आणि त्याच्या घेराचा दुसरा मिळेपर्यंत तयार दांडी भिंतीला टेकून राहते.

फायबरचे भोपळे आले आहेत. प्रवासाला ते सोयीचे, फुटत नाहीत. मी दोन्ही तंबोरे एकापाठोपाठ ऐकले. खऱ्या भोपळ्याचा नाद खर्जात भरून राहतो, दुसऱ्याचा लवकर विरतो.

मानांकन मिरजेच्या वाद्याला मिळालं, भोपळा पिकवणारा मात्र शंभर किलोमीटरहून दूर बसला आहे. उसाला सरकार एफआरपी, म्हणजे किमान दर, ठरवून देतं. भोपळ्याचा भाव फळ हाती आल्यावरच ठरतो, आणि डागी निघालं तर ठरतही नाही. मिरजेच्या वाद्यकारांनी एकत्र येऊन बी टोकतानाच भाव बांधून दिला आणि डागी फळाचा थोडा भार स्वतः उचलला, तर चार गुंठे भोपळ्याला ठेवायला कुणीतरी तयार होईल. मानांकनाच्या कामात पहिला खर्च इथे व्हायला हवा.