थंडीतल्या पाहुण्याला ऊब नको

न्यू जर्सीच्या एडिसन, ईस्ट ब्रन्सविकसारख्या गावांत आता मराठी घरं ढिगाने आहेत. ऐन जानेवारीत अशाच एखाद्या घराच्या बेसमेंटमधून किंवा गॅरेजमधून आरोळी येते, ‘‘अगं बाई, पाल!’’ बाहेर बर्फ असताना पाल कुठून आली, हा प्रश्न नंतर पडतो. नीट पाहिलं की एकेक गोष्ट खटकायला लागते. अंग काळंभोर आणि ओलसर, पाठीवर पिवळ्याधमक ठिपक्यांच्या दोन वेड्यावाकड्या रांगा, लांबी जवळपास वीतभर. अंगावर खवले नाहीत, कानाची छिद्रं नाहीत, बोटांना नख्या नाहीत. पुढच्या पायाला बोटं चार, मागच्या पायाला पाच. ही पाल नव्हे, हा ठिपक्यांचा सॅलमँडर. म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद.

ओळख पटत नाही यात आपला दोष नाही. महाराष्ट्रात सॅलमँडर नाहीच. सह्याद्रीत बेडकांची रेलचेल आहे, बिनपायाची देवगांडुळं आहेत. पण उभयचरांची ही तिसरी शाखा भारतात फक्त पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या आसपास, आणि ईशान्येकडच्या डोंगरांत भेटते. याउलट अमेरिकेचा पूर्व भाग, विशेषतः अ‍ॅपलाचियन पर्वतरांग, म्हणजे सॅलमँडरांचं माहेरघरच.

हा प्राणी भर थंडीत घरात का शिरतो? एरवी तो शिरत नाही. हिवाळ्यात तो जमिनीखाली, जिथवर माती गोठत नाही तिथे पडून असतो. स्वतः खणण्यात तो फारसा तरबेज नाही. चिचुंद्र्या, उंदीर यांनी केलेली आयती बिळं त्याला पुरतात. पण जानेवारीत मधेच दोन दिवस उबदार पाऊस पडला की काही जण फसतात, बाहेर येतात, आणि तिसऱ्या दिवशी पारा पुन्हा घसरला की मिळेल त्या फटीत शिरतात. बेसमेंटच्या खिडकीबाहेरचा खड्डा, पाणी उपसणाऱ्या पंपाची टाकी, गॅरेजचा कोपरा, सरपणाची चळत. युरोपात असं सरपण शेकोटीत पडलं की ओंडक्यातला सॅलमँडर जीव घेऊन बाहेर पळायचा. तो आगीत राहतो ही जुनी समजूत त्यातूनच आली असावी, असं मानतात. रोमन लेखक प्लिनीने तर लिहून ठेवलं की हा प्राणी इतका गार असतो, की त्याच्या स्पर्शाने आग विझते. आगीचं सोडा, गारपणाचं मात्र त्याने बरोबर टिपलं होतं.

आता खरी अडचण. गारठलेला जीव दिसला की आपण काय करतो? ओंजळीत घेतो, हीटरपाशी नेतो, खायला घालतो. आजी असेल तर हळदही लावेल. सॅलमँडरच्या बाबतीत यातली एकही गोष्ट करायची नाही.

त्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालचं तापमान तेच त्याचं तापमान. साधारण दहा अंशांनी गारवा वाढला की शरीरातल्या रासायनिक क्रिया निम्म्या किंवा एकतृतीयांश वेगावर येतात. हृदय सावकाश चालतं, श्वास क्वचित लागतो, आणि शेपटीत साठवलेली चरबी महिनोन्‌महिने पुरते. ही त्याची तब्येत बिघडल्याची नव्हे, ठणठणीत असल्याची खूण. आपला तळहात साधारण 32 अंशांचा. चार अंशांवरच्या प्राण्याला तो एका क्षणात 28 अंशांचा झटका देतो. हीटरपाशी ठेवलं तर शरीर जागं होतं, चरबी भराभर जळते आणि कातडी सुकते. कातडी सुकणं म्हणजे त्याचा श्वास कोंडणं, कारण बराचसा प्राणवायू तो कातडीतूनच घेतो. त्याच रानातल्या लालपाठी सॅलमँडरला तर फुप्फुसंच नाहीत, त्याची सगळी भिस्त कातडीवर. खाणं आणखी वाईट. थंड शरीरात पचन जवळजवळ थांबलेलं असतं. पोटात गेलेलं गांडूळ पचण्याऐवजी कुजतं.

मग करायचं काय? आधी तो जिवंत आहे का ते पाहायचं. हनुवटीखालची कातडी अगदी हलकेच वरखाली होत असते. थंडीत ती बराच वेळ स्थिरही दिसते, तेव्हा मेला म्हणून कचऱ्यात टाकायची घाई नको. हात लावायचाच तर साबण, क्रीम, सॅनिटायझर काही न लागलेला, ओला करून. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, तळाशी ओला पालापाचोळा किंवा रंग-वास नसलेला ओला कागदी रुमाल अंथरायचा. पाणी नळाचं नको, त्यातलं क्लोरीन या कातडीतून थेट आत जातं. पावसाचं किंवा झऱ्याचं बाटलीबंद पाणी चालेल. गॅरेजमध्ये सापडला असेल तर त्याच पाण्याने हलकेच धुवावा, कारण ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाडीच्या चाकांबरोबर आत आलेलं असतं आणि ते त्याच्या अंगातलं पाणी शोषून घेतं. डबा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या, पण शून्याखाली न जाणाऱ्या जागी ठेवायचा.

जमीन गोठलेली नसेल तर एवढंही नको. सापडला तिथून जवळच, सडक्या ओंडक्याखाली किंवा पानांच्या जाड थरात सोडून द्यावा. जमीन दगडासारखी गोठली असेल किंवा जखम दिसत असेल, तर राज्याच्या वन्यजीव खात्याला किंवा परवानाधारक वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन करावा. किती दिवस ठेवायचा, मुळात ठेवता येतो का, याचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत.

‘जवळच’ हा शब्द महत्त्वाचा. छान तळं आहे म्हणून पाच मैलांवर नेऊन सोडणं हा उपकार नव्हे. ठिपक्यांचा सॅलमँडर वीस वर्षंही जगतो आणि दर वसंतात ठरलेल्याच डबक्याकडे जातो. परक्या जागी त्याला ना बीळ माहीत ना डबकं. शिवाय रोगाची भीती. 2010 च्या सुमारास नेदरलँड्समधले अग्नि-सॅलमँडर अचानक मरू लागले आणि काही वर्षांत जवळपास संपले. कातडी पोखरणारी एक नवी बुरशी याला कारणीभूत होती. तिचं वर्णन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती आशियातून आली असावी, असा अंदाज आहे. ती 10 ते 15 अंशांत सर्वांत जोमाने वाढते, म्हणजे सॅलमँडरला मानवणाऱ्याच हवेत. अमेरिकेने धसका घेऊन जानेवारी 2016 मध्ये सॅलमँडरच्या 201 जातींच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हा डबा, हातमोजे, बूट स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्या ओढ्याकाठी जाऊ नये.

सायबेरियाचा एक सॅलमँडर मात्र या सगळ्याच्या पलीकडचा. तो रक्तात ग्लिसरॉल साठवून उणे 35 अंशांतही तग धरतो. न्यू जर्सीच्या सॅलमँडरला ही विद्या येत नाही, म्हणून त्याला फक्त गारवा हवा, बर्फ नको.

मार्चच्या आसपास पहिला उबदार पाऊस पडला की हे सगळे एका रात्रीत डबक्यांकडे निघतात. ईस्ट ब्रन्सविकमधला बीकमन रोड अशा निवडक रात्री वाहनांसाठी बंद ठेवतात. पायी जायला हरकत नाही. टॉर्च न्यावा आणि पावलागणिक खाली बघावं; रस्त्यात बसलेला एखादा उचलायचा मोह झाला तर निघताना हाताला क्रीम लावलं होतं का, ते आठवावं.