क्रीमच्या डबीतून धरणावर

आखाडा बाळापूरच्या कुठल्याही जनरल स्टोअर्समधली लोशनची बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. त्यात बहुधा सीटाइल अल्कोहोल सापडेल. अल्कोहोल म्हणून दचकू नका, यात नशा नाही आणि ते हवेत उडूनही जात नाही. 49 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे हे पांढरे, मेणचट खवले. 1817 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणातून ते वेगळे केले. आता पाम तेलापासून बनवतात.

लोशन दाट होते ते या खवल्यांमुळे. 16 कार्बन अणूंच्या सरळ साखळीचे हे रेणू अतिपातळ पापुद्रे रचतात आणि त्या पापुद्र्यांमध्ये पाणी अडकून राहते.

हीच साखळी उघड्या पाण्यावर आणखी मजेशीर वागते. रेणूचे एक टोक पाण्याला धरते, उरलेली साखळी हवेत उभी राहते. आठवडी बाजारातल्या गर्दीसारखे रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहिले की वाफेला वाट मिळत नाही. थर एकाच रेणूचा, जाडी दोन नॅनोमीटर. हिशेब केला तर हेक्टरभर पाण्याला जेमतेम 20 ग्रॅम पुरावेत!

आपल्याकडे उन्हाळ्यात इसापूर धरणाची पातळी घटते, ती काही फक्त कालव्यामुळे नाही. ऊनही आपला वाटा उचलते. त्यामुळे असा थर पाण्यावर पसरून वाफ अडवण्याची कल्पना मोहात पाडणारी आहे. ऑस्ट्रेलियात 1950 च्या दशकात तिचे प्रयोग झाले, भारतातही काही जलाशयांवर झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही या कामासाठी संयुगे विकसित केली.

घोडे अडते वाऱ्यापाशी. जरा जोराचा वारा सुटला की थर फाटून काठाला जाऊन साचतो. उरलेला जिवाणू खातात, म्हणून पुन्हापुन्हा टाकावा लागतो आणि 20 ग्रॅमचा हिशेब कागदावरच राहतो. प्रयोगशाळेत निम्म्याहून अधिक वाफ अडते. उघड्या जलाशयावर वीस-तीस टक्के बचत झाली तरी पुष्कळ.

इसापूरसारख्या अफाट पाण्यावर हा खर्च करण्यात अर्थ नाही, असे माझे मत. टंचाईच्या दोन-तीन महिन्यांत आडोशाच्या लहान गावतलावासाठी मात्र विचार व्हावा. शेततळे असेल तर असा थर टाकण्याआधी ते रुंद करण्याऐवजी खोल करा आणि वाऱ्याच्या बाजूला झाडे लावा.