सिरोंच्याच्या नदीकाठासाठी कोणता क्लाऊड?

पीएच.डी.ला नुकतेच लागलेले ज्युनियर हमखास विचारतात: डेटा गोळा करायला वेब अ‍ॅप बनवतोय, होस्टिंग अ‍ॅमेझॉनचं घेऊ, अ‍ॅझ्यूरचं की गूगलचं? माझा उलटा प्रश्न असतो: तुमची नोंद भरली जाते कुठे?

समजा, सिरोंचा तालुक्यात प्राणहिता आणि गोदावरीच्या काठी रोज कोणता मासा किती मिळाला याच्या नोंदी हव्या आहेत. भरणार मच्छीमार, तेही साध्या अँड्रॉइड फोनवर. नेटवर्क कधी असतं, कधी नसतं.

आधी अंतराचं गणित करू. अ‍ॅमेझॉनची डेटा केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत. सिरोंच्याहून सरळ रेषेत मुंबई साधारण ७५० किलोमीटर, हैदराबाद २२५. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन मुंबईला ७.५ मिलिसेकंद, हैदराबादला २.२५. केबल वळसे घेत जाते हे मान्य, तरी दोन्हींतला फरक माणसाला जाणवण्याइतका नाही.

आता फोनकडे या. माशाचा फोटो ३ एमबीचा आणि टूजीवर वेग सेकंदाला ५० किलोबिट असेल, तर एक फोटो चढायला ८ मिनिटं. जगातला कुठलाही महागडा सर्व्हर ही ८ मिनिटं कमी करणार नाही. फोटो फोनमध्येच २०० केबीपर्यंत लहान केला, की तेच काम साधारण अर्ध्या मिनिटात होतं.

म्हणून फॉर्म आधी फोनमध्येच साठला पाहिजे आणि रेंज मिळाल्यावर आपोआप गेला पाहिजे. इथे एक खाच आहे, ती नीट बघा. नोंद सर्व्हरला पोचली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येण्याआधी रेंज गेली. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो. तुमच्या तक्त्यात ४ किलोचे ८ किलो होतात, आणि शंकाही येत नाही, कारण ८ किलो मासे मिळूच शकतात! उपाय सोपा आहे: प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही.

(हे सगळं स्वतः लिहायलाच हवं असं नाही. नुसते फॉर्म असतील तर ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स नेटशिवायही चालतात.)

एवढं जमलं की सर्व्हरवरचा भार अगदी किरकोळ उरतो आणि होस्टिंगचा प्रश्न बराचसा पैशाचा होतो. फुकट योजनेवर पाच वर्षांचं संशोधन टांगू नका. हेरोकूने फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केल्या. रेंडरचा फुकट सर्व्हर १५ मिनिटं कोणी आलं नाही तर झोपतो, आणि जागा होईपर्यंत काठावरची रेंज गेलेली असू शकते. मोजून बिल लावणाऱ्या सेवांत बजेट अलर्ट असतो, पण तो मुळात सूचना देतो. खर्च आपोआप थांबेल असं धरू नका. माझं मत: भारतातल्या केंद्रातला, महिन्याला ठरलेल्या भाड्याचा एक छोटा सर्व्हर आणि त्यावर पोस्टग्रेस. कंपनी कोणतीही चालेल. मात्र खातं कोणाच्या नावावर, कार्ड कोणाचं आणि फेलोशिप संपल्यावर भाडं कोण भरणार, हे गाईडशी आधीच बोलून घ्या.

मासे कुठे मिळतात ही जागा म्हणजे त्या कुटुंबाची रोजी आहे. माहिती कुठे राहील आणि कोण बघेल, हे संमतीपत्रात लिहा आणि तेलुगूतही वाचून दाखवा, कारण या भागात अनेक घरांत तीच बोलली जाते. प्रत्येक कंपनीची खास डेटाबेस सेवा मोहात पाडते. घेण्याआधी तिच्यातला सगळा डेटा उतरवून दुसऱ्या सर्व्हरवर एकदा चढवून बघा. एका दुपारी जमलं नाही, तर ती सेवा घेऊ नका.